हलणार आहे की तापणार आहे?

आमच्या मंडळाच्या देखाव्यातला हत्ती तिसऱ्या संध्याकाळी एका कानाने अधू झाला. मान हलत होती, उजवा कान हलत होता, डावा मात्र गप्प. मोटर काढून थेट बॅटरीवर लावली तर छान फिरली. फ्यूज शाबूत होता, एसएमपीएसमधून बारा व्होल्ट बरोबर येत होते. शेवटी मीटरचे प्रोब वायरीच्या दोन टोकांना धरले आणि एका कार्यकर्त्याला हत्तीची मान हाताने वरखाली करायला सांगितलं. मान खाली आली की मीटर वाजायचा, वर गेली की बंद. वायरीचं आवरण बाहेरून नव्यासारखं होतं. सोलून पाहिलं तर आतल्या चौदाच्या चौदा तारा मानेच्या वळणावर एका रेषेत तुटलेल्या.

नंतर हिशेब केला. हत्ती मिनिटाला दहा वेळा मान हलवायचा, संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंत. म्हणजे दिवसाला 3600 वेळा. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत त्या वायरीला एकाच जागी सात-आठ हजार हिसके बसले होते. वायर चांगल्या दर्जाची होती, घराच्या फिटिंगला वापरतात तीच. फक्त ती भिंतीत गप्प पडून राहण्यासाठी बनवलेली होती आणि आम्ही तिला नाचायला लावलं होतं.

त्या रात्री मानेत सिलिकॉन वायर टाकली. तेव्हापासून देखावे, बाहुल्या, दिव्यांची शिल्पं करणारी मंडळी आणि लहान वर्कशॉप चालवणारे ओळखीचे लोक या वायरीबद्दल विचारतात, तेव्हा मी उलट एकच विचारतो: ही वायर हलणार आहे की तापणार आहे? दोन्ही नसेल तर सिलिकॉनच्या वाटेला जाऊ नका. साधी पीव्हीसी वायर कितीतरी स्वस्त आहे, टणक आहे आणि घर्षण जास्त सोसते.

सिलिकॉन वायरीत दोन वेगळ्या करामती एकत्र आलेल्या असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक आहे आतल्या तांब्याची, दुसरी बाहेरच्या आवरणाची.

आधी तांबं बघा. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या एक स्क्वेअर (म्हणजे एक चौरस मिलिमीटर) वायरीत 0.3 मिलिमीटर जाडीच्या 14 तारा असतात, दीड स्क्वेअरमध्ये 22, अडीचमध्ये 36. सिलिकॉन वायरीत बहुधा 0.08 मिलिमीटरच्या, म्हणजे केसाइतक्या बारीक तारा असतात. 20 गेजमध्ये अशा 100, 18 गेजमध्ये 150, 14 गेजमध्ये 400, आणि ड्रोनच्या बॅटरीला जोडतात त्या 12 गेजमध्ये 680. आता वाकण्याचं गणित सोपं आहे. तार वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. हा ताण तारेच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर 0.3 ची तार सुमारे दीड टक्का ताणली जाते, 0.08 ची अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दीड टक्का ताण तांबं चार-दोनदा निमूट सोसतं, हजारो वेळा नाही. म्हणून तोच रस्सीसारखा जुडगा पण बारीक धाग्यांचा असला की तो पावणेचार पट कमी ताणात काम करतो आणि कितीतरी जास्त दिवस टिकतो.

आता आवरण. पीव्हीसी मुळात कडक असतं, तेलकट द्रव्यं मिसळून त्याला मऊ करतात. उन्हात आणि उष्णतेत ती द्रव्यं हळूहळू निघून जातात आणि वायर कडक होते. जुन्या टेबल फॅनची वायर वाकवताना जी तडकते ती यामुळेच. सिलिकॉन रबराला मऊ करायला काही मिसळावं लागत नाही. त्याच्या रेणूंची साखळी कार्बनची नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आलटून-पालटून जोडणीची असते. वाळूत आणि काचेत असते तीच जोडणी. ती उष्णतेला सहजी तुटत नाही आणि थंडीत ताठरतही नाही. म्हणून उणे 60 पासून 180 किंवा 200 अंश सेल्सिअसपर्यंत हे आवरण जवळजवळ सारखंच मऊ राहतं. साध्या पीव्हीसी वायरीची मजल 70 अंशांपर्यंत, एचआर लिहिलेली घेतलीत तर 85.

फ्रेडरिक किपिंग या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने 'सिलिकोन' हे नाव रूढ केलं, पण आपल्या या चिकट पदार्थांना व्यवहारात फारसं भवितव्य आहे असं खुद्द त्याला वाटत नव्हतं. पुढे 1943 साली अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी केवळ सिलिकोनसाठी स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या मालांपैकी एक होतं ते लढाऊ विमानांच्या इग्निशनच्या यंत्रणेत ओलावा शिरू नये म्हणून लावायचं मलम. विजेशी या पदार्थाचा संबंध असा पहिल्यापासूनचा आहे. (मूलद्रव्य ते सिलिकॉन आणि रबर ते सिलिकोन, असा शास्त्रातला फरक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मात्र 'सिलिकॉन वायर'च मागा, नाहीतर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.)

हलणाऱ्या कामांत

देखावे, कळसूत्री बाहुल्या, यांत्रिक शिल्पं, रंगमंचावरचे मुखवटे, रोबोटचे हात: या सगळ्यांत वायर कोणती यापेक्षा ती कुठून नेली हे जास्त महत्त्वाचं असतं. उत्तम सिलिकॉन वायरसुद्धा चुकीच्या वाटेने नेली तर तुटते.

पहिली गोष्ट, वळण एका बिंदूवर येऊ देऊ नका. मान वाकते तिथे वायर दोन्ही बाजूंना घट्ट बांधली की सगळा मोड मधल्या बोटभर जागेत येतो. त्याऐवजी सांध्याच्या अलीकडे-पलीकडे चार-चार बोटं वायर मोकळी सोडा आणि मध्ये ढिला फास ठेवा, म्हणजे तोच मोड वीतभर लांबीवर वाटला जाईल. सांध्याची जास्तीत जास्त हालचाल हाताने करून बघा. त्या टोकाच्या स्थितीतही वायर ताणलेली दिसता कामा नये.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. वायर वाकवण्यापेक्षा पिळणं परवडतं. मान डावीकडे-उजवीकडे वळणारी असेल तर वायर बाहेरून वळसा घालून नेऊ नका, ज्या आसाभोवती मान फिरते त्या आसातूनच, म्हणजे पोकळ नळीतून न्या. मान वळली की वायर फक्त थोडी पिळली जाईल. तो पीळ नळीच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो आणि बारीक तारांच्या जुडग्याला त्याचं काहीच वाटत नाही. वायर आसापासून हातभर लांबून नेली तर प्रत्येक फेरीला ती ओढली जाते, घासली जाते आणि एक दिवस कुठल्यातरी खिळ्यात अडकते.

भाग सतत एकाच दिशेने गोल फिरत असेल, जसा चक्रावर फिरणारा मोर, तर कितीही मऊ वायर वापरा, ती पीळ खाऊन तुटणारच. तिथे स्लिप रिंग लागते. बारा व्होल्टच्या कामासाठी छोट्या तयार स्लिप रिंगा बाजारात मिळतात. त्यांच्या बाहेर येणाऱ्या वायरी मात्र बऱ्याचदा नाजूक असतात, त्यांना लगेच आधार द्या.

तिसरी गोष्ट कडेची. सिलिकॉन रबर फाटायला आणि चिरायला फार हळवं असतं. नखानेही ओरखडा पडतो आणि एकदा चीर पडली की ती ताणाबरोबर पुढे पळते. पत्र्याच्या भोकातून ही वायर तशीच ओढली तर आवरण सोललं जाईल. भोकाची कड कानसून त्यात रबरी ग्रोमेट बसवा. झिप टाय बांधताना तिचं बक्कल पूर्ण आवळू नका, वायर तिच्याखाली किंचित सरकली पाहिजे. लोखंडी सांगाड्यावरून वायर जात असेल तर तेवढ्या भागात विणलेली नायलॉनची जाळी किंवा फायबरग्लासची स्लीव्ह चढवा.

आणि उंदीर! मंडपात मूषकराज फक्त मूर्तीपाशीच असतात असं नाही. मऊ रबर दातांना मऊच लागतं. रात्री सामान गोदामात जाणार असेल तर वायरीचे मोकळे पट्टे जमिनीवर ठेवू नका.

शिल्पासाठी वायर घेणाऱ्यांनी आणखी एक बाब समजून घ्यावी. सिलिकॉन वायर आकार धरत नाही. वाकवून सोडली की ती दोरीसारखी लोळत पडते. दक्षिण आफ्रिकेतले झुलू कारागीर टेलिफोनच्या रंगीत तारांपासून ज्या अप्रतिम टोपल्या विणतात, त्या वायरीच्या आत एकच भरीव तार असल्यामुळे शक्य होतात. वळवली तशी राहणं हा तिचा गुण. सिलिकॉन वायरीने अशी टोपली विणायला घेतलीत तर हाती फक्त गुंता येईल. तिचा गुण उलटा आहे: लोंबणं, झुलणं, पडद्याच्या चुणीसारखं खाली येणं. छतापासून शंभर छोटे दिवे वेगवेगळ्या उंचीवर सोडायचे असतील तर पीव्हीसी वायर गुंडाळीचं वळण विसरत नाही, दिवे तिरके लटकतात. सिलिकॉन वायर ओळंब्यासारखी सरळ खाली येते. दोन्ही हवं असेल, म्हणजे आकारही आणि वीजही, तर बारीक ॲल्युमिनियमची किंवा गॅल्वनाइज्ड तार सांगाड्याला वापरा आणि तिच्यावर सिलिकॉन वायर सैलसर गुंडाळा. एकाच तारेला दोन्ही कामं सांगू नका.

अंगावर घालायच्या कलाकृतींत तर हा मऊपणा फारच उपयोगी. जपानच्या गुताई गटातल्या आत्सुको तानाका यांनी 1956 साली रंगवलेल्या दिव्यांचा आणि वायरींचा 'इलेक्ट्रिक ड्रेस' करून तो स्वतः अंगावर घातला होता. दिव्यांची धग, वायरींचा भार आणि धक्का बसण्याचा धोका हे सगळं त्या कलाकृतीचाच भाग होतं. आज नाटकात किंवा नृत्यात दिव्यांचा पोशाख करायचा असेल तर तो धोका पत्करायचं काहीच कारण नाही. 5 किंवा 12 व्होल्टचे एलईडी, 28 किंवा 30 गेजची सिलिकॉन वायर, आणि फ्यूज लावलेला बॅटरी पॅक पुरेसा आहे. वायर कापडावर शिवताना सुई तिच्यातून आरपार घालू नका. वायर कापडावर ठेवून तिच्यावरून आडवे टाके घाला, जसे जरीची दोरी टाचताना घालतात. कोपरात आणि काखेत टाके सोडून द्या, तिथे वायर मोकळी हवी.

230 व्होल्टबद्दल मात्र कडक नियम पाळा. छंदासाठी मिळणाऱ्या एकेरी सिलिकॉन वायरीवर 600 व्होल्ट छापलेलं असलं तरी लोकांचा हात पोचेल अशा ठिकाणी ती घरगुती विजेला वापरू नका. तिला बाहेरचं दुसरं आवरण नसतं आणि पहिलं आवरण किती हळवं ते वर सांगितलंच. मंडपात मेन सप्लाय दुहेरी आवरणाच्या केबलमधून, 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून यावा आणि हलणाऱ्या भागांकडे फक्त 12 किंवा 24 व्होल्ट जावेत.

चिकटवण्याचा प्रश्न सगळ्यांनाच छळतो. सिलिकॉनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. इन्स्टंट ग्लू सुकून पापुद्र्यासारखा निघतो, ग्लू गनचा गोंद दुसऱ्या दिवशी सुटतो, टेपही सरकते आणि रंग वाकताक्षणी पोपडे धरतो. म्हणून वायर हव्या त्या रंगाचीच विकत घ्या, नंतर रंगवण्याच्या भानगडीत पडू नका. सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं. वायर जागेवर पक्की करायची तर सिलिकॉन सीलंट वापरा, पण ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सीलंट उघड्या तांब्याजवळ लावू नका. त्यातून सुटणारं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं, महिन्याभरात हिरवट थर दिसतो. 'न्यूट्रल' लिहिलेली ट्यूब मागा. सिलिकॉनचे मुखवटे किंवा कृत्रिम त्वचा ओतणाऱ्यांना मात्र हाच गुण फायद्याचा आहे, ओतलेलं रबर वायरीच्या आवरणाशी एकजीव होतं.

प्रदर्शनात महिनाभर टांगायचं काम असेल तर अजून एक त्रास होतो. या वायरीवर धूळ आणि कापसाचे तंतू फार बसतात. काळ्या वायरीवर ते लगेच दिसतात. ओलसर फडक्याने पुसत राहायचं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

जोड

हत्तीची गोष्ट अर्धीच सांगितली. त्या रात्री मी मानेत सिलिकॉन वायर टाकली खरी, पण घाईत जोड मानेतच दिला, सोल्डरने. दोन दिवसांत डावा कान पुन्हा बंद. यावेळी वायर जोडाच्या अगदी कडेला तुटली होती.

कारण असं. बारीक तारांचा जुडगा दिव्याच्या वातीसारखा असतो. सोल्डर वितळलं की ते तारांच्या फटींतून आवरणाच्या आत वर चढतं आणि तेवढा भाग एका कडक काडीचा होतो. जिथे काडी संपते आणि मऊ वायर सुरू होते, त्या सीमेवर सगळा मोड एकवटतो. म्हणजे शेकडो बारीक तारांसाठी मोजलेले पैसे तिथे वाया जातात. वर आवरण वितळत नसल्यामुळे सोल्डर किती आत गेलं ते बाहेरून कळतही नाही. बोटांनी दाबून बघा, कडक लागेल तिथपर्यंत गेलं.

म्हणून हलणाऱ्या जागेत जोड देऊच नका. वायर अखंड न्या आणि जोड दोन्ही बाजूंच्या स्थिर भागांत घ्या. सोल्डर करताना जोडापासून थोडं दूर वायर चिमट्याने धरा, चिमटा उष्णता शोषून घेतो आणि सोल्डर तिथेच थांबतं. सोल्डरिंग इस्त्री सुमारे 350 अंशांवर, काम दोन-तीन सेकंदांत उरकायचं. जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि ती जोडाच्या पुढे बोटभर येऊ द्या. सिलिकॉनवर ती सरकू शकते, म्हणून स्लीव्हच्या मागे वायर सांगाड्याला बांधून ठेवा, म्हणजे ओढ जोडापर्यंत पोचणारच नाही.

स्क्रूच्या कनेक्टरमध्ये ही वायर नुसती पिळून घालू नका. स्क्रू आवळताना शंभरातल्या तीस तारा बाजूला निसटतात, उरलेल्या काही कापल्या जातात आणि एखादी शेजारच्या खान्याला शिवून ठिणगी पाडते. टोकाला सोल्डर लावून घालणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, तोही टाळा. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत जातं, पकड ढिली होते आणि ढिली पकड तापते. योग्य मापाची पिन लग किंवा फेरूल घ्या आणि क्रिंपिंगच्या पकडीनेच दाबा. साध्या पकडीने चेपलेली लग दिसायला ठीक दिसते, पण ओढली की हातात येते. प्रत्येक लग ओढून बघायची सवय ठेवा.

सोलायला ही वायर फसवी. आवरण रबरासारखं ताणलं जातं, त्यामुळे बोथट स्ट्रिपर आवरण ओढत राहतो आणि सोबत दहा-वीस तारा कापून नेतो. स्ट्रिपरचं भोक नेमक्या मापाचं असावं, नसेल तर वायर बोटावर वाकवून ताणलेल्या बाजूला धारदार ब्लेड नुसतं टेकवा. आवरण आपोआप उघडतं. वायर फिरवत तसंच चारी बाजूंनी करा, मग टोक चिमटीत धरून ओढा.

तापणाऱ्या कामांत

कारखान्यात या वायरीला मान मिळतो तो मुख्यतः उष्णतेसाठी. बेकरीचे ओव्हन, पॅकिंगच्या सीलिंग मशीन, प्लॅस्टिक मोल्डिंगच्या यंत्रांवरचे बँड हीटर, गीझर, कपड्यांच्या प्रेस, भट्ट्यांचे पॅनेल, रेल्वेच्या मोटरींची टोकं, शस्त्रक्रियेची उपकरणं जी पुन्हा पुन्हा वाफेत 121 किंवा 134 अंशांवर निर्जंतुक करावी लागतात. मल्टिमीटरच्या चांगल्या प्रोबची आणि सोल्डरिंग इस्त्रीची वायरही सिलिकॉनची असते, कारण चुकून तापलेलं टोक लागलं तरी ती जळत नाही. पीव्हीसी वायरीला इस्त्री नुसती शिवली तरी तांबं उघडं पडतं.

स्टुडिओत विजेची भट्टी असलेले सिरॅमिक कलाकार आणि बँड हीटर बदलणारे फिटर एकच चूक करतात. सिलिकॉन 'हीटप्रूफ' आहे म्हणून ती थेट हीटरच्या टोकाला जोडतात. मोल्डिंग मशीनचं बॅरल 200 ते 250 अंशांवर चालतं, भट्टीचं एलिमेंट त्याहून कितीतरी वर. त्या टोकापाशी सिलिकॉनही टिकत नाही, ठिसूळ होऊन गळून पडतं. तिथे चिनी मातीचे मणी ओवलेली तार किंवा निकेलचा मुलामा असलेली फायबरग्लासची वायर वापरायची, ती वीतभर बाहेर थंड जागेत आणायची आणि तिथे सिरॅमिकच्या कनेक्टरमधून पुढे सिलिकॉन वायर सुरू करायची. तांब्याचंही बघा. उघडं तांबं दीडशे अंशांच्या वर काळं पडत जातं, म्हणून सिलिकॉन वायरीत कल्हई केलेलं तांबं असतं. तीही 180-200 पर्यंतच साथ देते. त्यापुढे निकेल.

आगीत ही वायर कशी वागते ते जाणून घेण्यासारखं आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचा झोंबणारा धूर निघतो, तो माणसांनाही घातक आणि आसपासच्या सर्किटांनाही. सिलिकॉन जळालं तर मागे पांढरी राख राहते, ती सिलिकाची असते आणि वीज अडवते. आग लागल्यावरही काही वेळ चालू राहायला हव्यात अशा अलार्मच्या आणि आपत्कालीन दिव्यांच्या केबलमध्ये सिलिकॉन वापरतात ते यामुळे. ती राख जागेवर राहावी म्हणून वरून काचेच्या धाग्यांचं वेष्टण असतं.

आता जिथे ही वायर नको त्या जागा. यादी मोठी आहे आणि विक्रेते ती सांगत नाहीत.

सीएनसी यंत्राच्या सरकत्या साखळीत ही वायर मऊ असल्यामुळे छान चालेल असं वाटतं. चालत नाही. साखळीत वायरी एकमेकींवर घासतात, सिलिकॉन घासाला दुबळं आणि वर थोडं चिकट, एकमेकींना ओढत गुंडाळी होते. तिथे पॉलियुरेथेनच्या आवरणाची केबलच घ्या. पेट्रोल-डिझेलच्या संपर्कात सिलिकॉन फुगतं आणि पिठूळ होतं. तीव्र आम्ल आणि अल्कलींपासूनही लांब ठेवा.

वाहनांचे भाग रंगवणारी शॉप्स सिलिकॉनच्या नावाने घाबरतात आणि ते योग्यच आहे. सिलिकोनचा सूक्ष्म अंशही पत्र्यावर बसला तर रंग तिथे पसरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. चाकण-भोसरी पट्ट्यात कुणाच्या पेंट शॉपमध्ये दुरुस्तीला जाणार असाल तर आपल्या हत्यारांच्या पेटीतली सिलिकॉन वायर आणि सीलंट बाहेर ठेवून मगच आत जा. तसंच बंद पेटीतल्या छोट्या रिलेंजवळ भरपूर सिलिकॉन असेल तर त्यातून निघणारी हलकी वाफ रिलेच्या ठिणगीत जळून कॉन्टॅक्टवर सिलिकाचा थर बसतो. रिले टकटक करतो, पण वीज जात नाही. हा दोष शोधायला दिवस जातो.

आवरण तापलं तरी टिकतं, या भरवशावर बारीक वायरीतून जास्त करंट पाठवण्याचा मोह होतो. टिकतं ते वायरीचं आवरण, शेजारी नाही. 150 अंशांची वायर पीव्हीसी वायरींच्या जुडग्यात बांधली तर त्यांना वितळवेल. फोम शीट, ग्लू गनचा गोंद, थर्माकोल हे तर त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतात. आणि व्होल्टेज पडतं ते वेगळंच. समजा पाच मीटर लांबच्या एलईडी पट्टीला 12 व्होल्टवर 5 अँपिअर द्यायचे आहेत आणि तुम्ही 20 गेजची, म्हणजे साधारण अर्ध्या स्क्वेअरची वायर घेतली. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. त्यात 1.7 व्होल्ट खर्ची पडतात, पट्टीला दहाच्या आसपास मिळतात आणि ती मलूल दिसते. 14 गेज घेतली तर तूट 0.4 व्होल्टवर येते. सिलिकॉनने यात काही फरक पडत नाही, तांबं किती आहे हाच प्रश्न असतो.

गेजच्या बाबतीत घोळ टाळा. सिलिकॉन वायरीवरचं गेज अमेरिकन असतं, मोटर वाइंडिंग करणारे आपले जुने कारागीर ब्रिटिश गेज बोलतात. ब्रिटिश 18 ची तार 1.22 मिलिमीटर जाड, अमेरिकन 18 ची 1.02. तांब्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फरक पडला. त्यापेक्षा दुकानात स्क्वेअर मिलिमीटर विचारा आणि तारा किती, कोणत्या जाडीच्या, तेही विचारा. 0.08 मिलिमीटरची एक तार म्हणजे 0.005 स्क्वेअर. 400 तारा सांगितल्या तर दोन स्क्वेअर व्हायला हवेत. घरी येऊन बोटभर टोक सोलून तारा मोजा. शंभरपर्यंत सहज मोजून होतात, 680 मोजायचा उत्साह ज्याचा त्याने ठरवावा.

'सिलिकॉन' म्हणून मऊ केलेलं पीव्हीसीही खपवलं जातं. दुकानदाराच्या परवानगीने टोकाचा तुकडा घ्या आणि तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीला टेकवा. पीव्हीसी लगेच वितळून इस्त्रीला चिकटेल आणि धूर येईल. सिलिकॉनवर जेमतेम डाग पडेल. घरी, खिडकी उघडून, तो तुकडा काडेपेटीने पेटवा. पांढरी भुसभुशीत राख उरली तर माल खरा.

तांब्याची परीक्षा ब्लेडने करा. तार बाहेरून चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबूस निघाली तर कल्हईचं अस्सल तांबं. बाहेरून तांबूस आणि आत चंदेरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते वाकायला बरं वाटतं, पण करंट कमी वाहतं, लवकर तुटतं आणि सोल्डर केल्यावर काही महिन्यांनी दगा देतं. बाहेरून आणि आतून दोन्हीकडे चंदेरीच दिसलं तर घेऊच नका. वजनही हाताला कळतं, त्याच जाडीचं ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं असतं.

लांबी मोजताना प्रत्येक हलणाऱ्या सांध्यामागे हातभर जास्त धरा आणि प्रत्येक रंगाची दोन मीटर वायर अशीच पेटीत ठेवून द्या. आमच्या हत्तीच्या मानेत नंतर टाकलेली अखंड वायर विसर्जनापर्यंत टिकली, पण आठव्या दिवशी सोंडेतली पीव्हीसीची वायर तुटली. तेव्हा तो जादा तुकडाच कामाला आला.